कादंबरी वाचा हो, पण मागे दोन पानं जोडा

संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र छापून आलं की रामायण-महाभारतावरच्या कादंबऱ्यांवर ‘काल्पनिक’ असा ठळक शिक्का मारायला लावा, वाचनालयात त्यांचं कपाट वेगळं करा, या लेखकांनी आपल्या देवादिकांची वाट लावलीय वगैरे वगैरे. त्यावर लगेच दुसऱ्या कुणाचं उत्तर आलं की कादंबरी ती कादंबरी, लेखकाने वाट्टेल ते लिहावं, ज्याला पटत नाही त्याने वाचू नये. दोन्ही पत्रं आमच्या वाचनालयातल्या पेपरच्या टेबलावर बराच वेळ फिरत होती, लोकांनी आपापल्या बाजूच्या ओळींखाली पेनाने रेघा पण मारल्या (पेपरवर रेघा मारू नका हे किती वेळा सांगायचं), आणि मला राहवेना म्हणून लिहायला बसलेय. मी एका तालुक्याच्या गावी जुन्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. देवघेवीच्या काउंटरवर बसून कोण काय नेतं आणि परत करताना काय बोलतं हे रोज ऐकते, त्यामुळे माझं म्हणणं पुस्तकी कमी आणि काउंटरवरचं जास्त आहे असं समजा.

आधी कपाटाचं सांगते. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आमच्याकडे कादंबरीच्याच कपाटात आहे, पण ती कपाटात असते कधी हा प्रश्न आहे. १९६७ सालचं पुस्तक, अजून परत आलं की वाट बघणारा उभाच असतो. बाइंडिंग पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं. एक प्रत तर हळदीकुंकू लागलेली परत आली, नेणाऱ्या आजी म्हणाल्या अगं वाचायला बसायच्या आधी लावते मी, पोथीच आहे ना ती. मी काय बोलणार, पुसून ठेवली. दुसरीकडे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं आहेत, त्यांना कर्णाची पानंच्या पानं पाठ आहेत, आणि वाद निघाला की ‘महाभारतात लिहिलंय’ म्हणून जे सांगतात ते नव्वद टक्के वेळा कादंबरीतलं असतं नाहीतर सिरीयलमधलं. वेगळं कपाट करून यातलं काय बदलणार आहे सांगा, पुस्तक घरी गेलं की कपाट इथेच राहतं.

माझा भाचा पुण्याला इंजिनीयरिंगला आहे. तो सुट्टीत आला आणि मला म्हणाला मावशी सोमरस म्हणजे ॲक्चुअली औषध होतं, आयुष्य वाढवणारं, त्या काळच्या सायंटिस्टनी बनवलेलं. म्हटलं कुठे वाचलंस, तर अमीशच्या शिवावरच्या कादंबऱ्या. २०१० साली त्यातली पहिली आली, त्यात शिव हा तिबेटातल्या एका टोळीचा प्रमुख आहे आणि माणसाचा देव कसा होतो ती गोष्ट आहे. कल्पना म्हणून झकास आहे, मी पण एका रात्रीत संपवली. त्यातल्या देशाला मेलुहा म्हटलंय, हे नाव लेखकाने हवेतून आणलेलं नाही, मेसोपोटेमियाच्या जुन्या लेखांमध्ये ते येतं आणि अभ्यासक ते सिंधू संस्कृतीच्या प्रदेशाला लावतात. म्हणजे बघा, नाव खरं, नगररचना बरीचशी उत्खननातली, आणि त्यावर उभा केलेला सोमरसाचा कारखाना सगळा लेखकाचा. हे सांधे कुठे आहेत ते माझ्या भाच्याला कळायला काही मार्गच नव्हता, आणि मुलगा बिनडोक नाहीये बरं का.

आता ‘मूळ’ ‘मूळ’ म्हणून ओरडणाऱ्यांकडे वळते, कारण शिक्का मारा म्हणणाऱ्यांना असं वाटतं की त्यांच्या डोक्यात जे आहे ते मूळ आणि कादंबरीकाराने ते बिघडवलं. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही. शबरीने बोरं चाखून उष्टी करून दिली हेही तिथे नाही, तिने रामासाठी रानातलं गोळा करून ठेवलं होतं एवढंच आहे. महाभारताचं म्हणाल तर आंधळ्याचा मुलगा आंधळा असं द्रौपदी दुर्योधनाला म्हणाली हे चोप्रांच्या सिरीयलमध्ये आख्ख्या देशाने बघितलं, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये परत बघितलं, पण भांडारकरच्या संशोधित प्रतीत (जुन्या पोथ्या ताडून पुण्यात ठरवलेला महाभारताचा पाठ, पुढे सांगतेच) ते वाक्यच नाही. तिथे मयसभेत तो पाण्यात पडतो तेव्हा भीम, अर्जुन, जुळे भाऊ आणि नोकरचाकर हसतात. द्रौपदी बायकांसोबत हसली हे दुर्योधन नंतर घरी जाऊन बापाला सांगतो. म्हणजे हसली की नाही हे व्यास सांगत नाहीत, दुखावलेला दुर्योधन सांगतो. केवढा फरक आहे यात! आणि त्या एका नसलेल्या वाक्यावरून ‘बाईच्या जिभेमुळे महाभारत घडलं’ असं लग्नकार्यात, कीर्तनात, व्हॉट्सॲपवर किती वेळा ऐकलंय ते विचारू नका. ही वाट कुठल्या कादंबरीकाराने एकट्याने लावलेली नाही. अभिमन्यू आईच्या पोटात चक्रव्यूह शिकला, ऐकता ऐकता सुभद्रेला झोप लागली, ही गोष्ट पण तशीच, द्रोणपर्वात तो स्वतः म्हणतो की वडिलांनी मला आत शिरायचं शिकवलंय. गणपती लेखनिक झाला ती गोष्टसुद्धा संशोधित प्रतीत मुख्य मजकुरात नाही, मागे परिशिष्टात आहे. (हे सांगितल्यावर आमचे एक ज्येष्ठ सभासद माझ्याशी कितीतरी दिवस नीट बोलत नव्हते.)

ही संशोधित प्रत म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं, कारण ती आपल्या पुण्यात झाली आणि आपल्यालाच तिचा पत्ता नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हे काम काढलं आणि १९६६ साली ते संपलं, १९ खंड झाले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर मुख्य संपादक होते, १९४३ मध्ये ते गेले, मग बेलवलकर, मग प. ल. वैद्य. १२५९ हस्तलिखितं तपासली, शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, तेलुगू, दक्षिणेतली ‘ग्रंथ’ लिपी, मल्याळम, देवनागरी असल्या वेगवेगळ्या लिप्यांतली, काश्मीरपासून केरळपर्यंतची. एकेक श्लोक कुठल्या पोथीत आहे, कुठल्यात नाही, कुठल्यात शब्द वेगळा आहे हे जुळवत बसायचं. पण मला त्यात सगळ्यात आवडतं ते वेगळंच आहे. जे श्लोक नंतर घातलेले वाटले ते त्यांनी फेकून दिले नाहीत. पानाच्या वरच्या भागात संहिता, आणि खाली बारीक टायपात की अमुक पोथ्यांमध्ये इथे एवढं जास्त आहे, आणि मोठे तुकडे असतील तर मागे परिशिष्टात. म्हणजे कुणा अज्ञात कवीला तीनशे-चारशे वर्षांनी वाटलं की इथे द्रौपदीने कृष्णाचा धावा करायला हवा, तर तो धावा पण तुम्हाला वाचता येतो, फक्त तो कुठे उभा आहे ते कळतं. सभापर्व संपादन केलं ते फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने, आणि त्याच्या संहितेत वस्त्रावर वस्त्र येत राहतं एवढंच आहे, कुणी पुरवलं ते लिहिलेलं नाही. धावा तळटिपेत. भाविकाला धावा मिळतो, अभ्यासकाला संहिता मिळते, भांडायला जागा उरत नाही. (उरते, पण कमी.)

तेव्हा नवीन भर घालणं हा काही आजच्या लेखकांचा उपद्व्याप नाहीये. आपल्याकडे तर तो धंदाच होता म्हणा ना. एकनाथांनी भावार्थ रामायण लिहिलं, मुक्तेश्वरांनी महाभारताच्या पर्वांना मराठी रंग चढवला, श्रीधरांच्या हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप या पोथ्या चातुर्मासात घरोघरी लागायच्या, मोरोपंतांनी अख्खं भारत आर्येत घातलं. यातल्या कुणी शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं नाही. आणि जात्यावरच्या बायांनी तर काय काय केलं! सीतेला वनात पाठवणारा राम त्यांच्या ओव्यांमध्ये हलक्या दिलाचा आहे, सीतेच्या तोलाचा नाही, असं सरळ तोंडावर म्हणतात त्या. कुणी त्यांच्या जात्यावर मोर्चा नाही नेला. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी म्हणून गाव आहे, तिथे सीतेचं देऊळ आहे, राम नाही. गावात सांगतात की वनवासात सीतेने मूठभर गहू मागितले, गावाने दिले नाहीत, म्हणून तिने शाप दिला आणि तिथे गहू पिकेना. वाल्मीकींना रावेरी माहीत असायचं कारण नाही, पण त्या देवळात जाणाऱ्या बाईला ती गोष्ट खोटी वाटत नाही. शाहीर विठ्ठल उमपांचं ‘जांभूळ आख्यान’ ज्यांनी बघितलंय त्यांना आठवत असेल, द्रौपदीच्या मनात कर्ण भरतो आणि कृष्ण जांभळाच्या निमित्ताने ते बाहेर काढतो. पाच नवरे असलेल्या द्रौपदीला सहावा आवडला ही गोष्ट लोकांनी टाळ्या वाजवत बघितली.

नाटकांचं तर सांगायलाच नको. किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ १८८२ चं, त्यातला कृष्ण हा बहिणीचं लग्न मनासारखं जमवून आणणारा आणि बलरामदादाला गुंडाळणारा मिश्कील भाऊ आहे, महाभारतातल्या सुभद्राहरणात इतकी गंमत कुठे. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त १९०७ साली प्रेक्षकांना कीचकामध्ये लॉर्ड कर्झन दिसला आणि द्रौपदीत हिंदुस्थान, आणि ते इतकं लख्ख दिसलं की १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली.

पण इथेच माझा मुद्दा आहे. त्या प्रेक्षकाला कीचक कोण हे आधी ठाऊक होतं. विराटपर्व त्याने कीर्तनात ऐकलेलं, पोथीत ऐकलेलं, घरी आजीकडून ऐकलेलं. त्यामुळे खाडिलकरांनी कुठे काय वळवलं ते त्याला बसल्या जागी कळलं, ते कळलं म्हणूनच तर टाळी पडली. जात्यावरच्या बाईला रामाची पोथीतली बाजू चांगली माहीत होती, म्हणून तिच्या ओवीला धार. आज माझ्या काउंटरवर येणाऱ्या मुलामुलींना पोथी लागलेली माहीत नाही, कीर्तन माहीत नाही, त्यांच्यासाठी कादंबरी हीच पहिली भेट. बदललेलं आधी येतं आणि काय बदललं ते कधीच येत नाही. यात लेखकाचा दोष नाही, वाचकाचा तर नाहीच नाही. पण तोटा होतो, आणि माझ्या मते तो धर्माचा नाही, वाचनाचा होतो. लेखकाने किती धाडस केलंय, काय रचलंय, ते वाचकापर्यंत पोचतच नाही, त्याला वाटतं हे असंच होतं. सगळ्यात जास्त अन्याय कादंबरीकारावर होतो खरं तर.

कर्णाचं उदाहरण घ्या, त्याच्याइतकं मोठं उदाहरण मराठीत नाही. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची, तिला साहित्य अकादमी मिळालं, खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, पण ययातीच्या नावाने कुणी भांडत नाही. कर्णाच्या नावाने भांडतात. रणजित देसाईंची ‘राधेय’ आहे, त्याआधी शिरवाडकरांचं ‘कौंतेय’ नाटक आहे, म्हणजे मराठी माणसाने कर्णाला जवळजवळ दत्तकच घेतलंय. आमच्या सभासदांत वृषाली नावाच्या बायका आहेत आणि त्यातल्या एकीच्या आईने मला सांगितलं की कर्णाच्या बायकोवरून ठेवलं, मृत्युंजय वाचत होते तेव्हा. गोड आहे हे. पण संशोधित प्रतीत कर्णाच्या बायकोला नाव नाही. स्त्रीपर्वात युद्ध संपल्यावर गांधारी कृष्णाला रणांगण दाखवत फिरते, तेव्हा कर्णाच्या प्रेताशी रडणारी त्याची बायको दाखवते, आणि ती वृषसेनाची आई एवढीच तिची ओळख. महाभारताने जिला नावसुद्धा दिलं नाही तिला सावंतांनी नाव दिलं, आवाज दिला, कादंबरीचा एक आख्खा भाग तिच्या तोंडून सांगितला. हे कळल्यावर सावंत मोठे वाटतात की छोटे?

स्वयंवराचंही तसंच. मी सूतपुत्राला वरणार नाही, असं द्रौपदी भर सभेत म्हणाली आणि कर्णाने धनुष्य खाली ठेवलं, हा प्रसंग काही पोथ्यांत आहे, संशोधित संहितेत नाही. उलट अर्जुन ब्राह्मणाच्या वेषात उठतो तेव्हा बाजूचे ब्राह्मण कुजबुजतात की कर्ण-शल्यासारख्यांना जे धनुष्य वाकवता आलं नाही ते हा पोरगा काय वाकवणार. म्हणजे कर्णाने प्रयत्न केला आणि जमलं नाही. आता या एका फरकावर द्रौपदीचा सगळा न्यायनिवाडा फिरतो, तिने जातीवरून हाकललं की नाही हे काही लहान प्रकरण नाही. आणि द्यूतसभेत दुर्योधनाचा भाऊ विकर्ण एकटा तिच्या बाजूने बोलतो तेव्हा त्याला गप्प करणारा कोण, तर कर्ण. पाच नवऱ्यांची बाई म्हणजे वेश्याच, तिला एकवस्त्रा आणली काय नि विवस्त्र आणली काय, असं बोलतो, आणि दुःशासनाला वस्त्रं काढायला सांगतो. कर्णभक्त मुलांना हे सांगितलं की ते आधी विश्वास ठेवत नाहीत, मग चिडतात, मग म्हणतात की हे मागाहून कुणीतरी घुसवलं असणार. घुसवलेलं नाही बाबांनो, वरच्या भागात आहे, बारीक टायपात नाही.

तिथेच सोडलं तर ते पुस्तक टाकून देतात आणि मला नावं ठेवतात, म्हणून मी उद्योगपर्वाचा खंड काढून देते. युद्धाआधी कृष्ण कर्णाला रथात घेऊन जातो, तू कुंतीचा मुलगा आहेस म्हणून सांगतो, राज्य घे म्हणतो. कर्ण म्हणतो मला माहीत आहे, पण राधेला मला बघून पान्हा फुटला, अधिरथाने माझी लग्नं लावली, मला मुलं-नातवंडं झाली, आता सगळ्या पृथ्वीचं राज्य दिलंस तरी हे नातं मी तोडणार नाही. मग म्हणतो की ही गोष्ट युधिष्ठिराला सांगू नकोस, कारण त्याला कळलं तर तो राज्य मला देऊन टाकेल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकेन. येणारं युद्ध म्हणजे एक यज्ञ आहे असं तो सविस्तर सांगतो, त्यात तू अध्वर्यू, बाण काय, रथ काय, आणि त्यातच स्वतःचं मरण पण घालतो, अर्जुनाच्या हातून. आणि मध्येच एक वाक्य टाकतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे कडू बोललो त्याचा मला आता ताप होतो. बघा, म्हणजे द्यूतसभेतला कर्ण आणि पस्तावणारा कर्ण दोन्ही एकाच ग्रंथात आहेत, त्याला निर्दोष करायची गरज व्यासांना वाटली नाही. गंधर्वांशी गाठ पडली तेव्हा हाच कर्ण रण सोडून पळाला आणि विराटाच्या गाईंच्या लढाईत अर्जुनाने त्याला एकट्याने हरवलं, हेही तिथेच. मी हा भाग ज्याला ज्याला वाचायला लावला त्यातल्या बऱ्याच जणांनी परत येऊन ‘मृत्युंजय’ पुन्हा नेली, आणि या वेळी वेगळी वाचली. एका मुलीने तर वहीत दोन रकाने करून आणले, इकडे व्यास तिकडे सावंत. परीक्षेत याला मार्क नाहीत म्हटलं तरी तिने पूर्ण केलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शिक्का नको, वेगळं कपाट नको, सरकार तर नकोच नको. पौराणिक कादंबरीच्या शेवटी लेखकाने दोन पानं जोडावीत, की मी कुठली संहिता धरली, कुठले प्रसंग तिथले, कुठली पात्रं माझी, कुठे मी लोककथेतून घेतलं. इंग्रजी ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या मागे असं टिपण बऱ्याचदा असतं आणि त्याने कुणाची मजा गेलेली मी ऐकली नाही, उलट काही जण ते आधी वाचतात. आपल्याकडे प्रस्तावना असतात, पण त्यात लेखकाला हा विषय कसा स्फुरला, किती वर्षं डोक्यात घोळत होता, कुणी कुणी पाठ थोपटली हे असतं, सांधे कुठे आहेत ते क्वचितच असतं. आणि ‘या पुस्तकातील घटना काल्पनिक असून’ ही पहिल्या पानावरची वकिली ओळ म्हणजे टिपण नव्हे, ती तर कोणीच वाचत नाही.

मराठीत याचा नमुना नाही असंही नाही. इरावती कर्वेंचं ‘युगान्त’ १९६७ चं, म्हणजे ‘मृत्युंजय’च्याच वर्षीचं, संशोधित प्रत पूर्ण झाल्यावर वर्षभरात दोन्ही आली हे मला फार भारी वाटतं. कर्वेबाईंनी संशोधित प्रत समोर ठेवून एकेका पात्राचा हिशोब मांडला, कर्णाला पण सोडलं नाही. पण द्रौपदीवरच्या लेखात शेवटी त्यांना स्वतःलाच राहवलं नाही. हिमालयात पडलेली द्रौपदी, बाकीचे पुढे गेलेले, आणि भीम तिच्याजवळ येतो, पुढच्या जन्मी तू थोरला हो असं ती त्याला म्हणते. हे महाभारतात नाही. आणि बाई तसं स्पष्ट सांगून मग लिहितात, इथवर संशोधित प्रतीला धरून आणि पुढची माझी नरोटी (म्हणजे रिकामी करवंटी, आपली पदरची भर). एवढं सांगितल्यावरही ते पान वाचताना माझ्या डोळ्यात पाणी येतंच. मग लेखक घाबरतात कशाला की सांगितलं तर जादू जाईल?

घाबरण्याचं दुसरं कारण मात्र खरं आहे आणि ते मी उडवून लावणार नाही. आनंद यादवांचं आठवा. ‘संतसूर्य तुकाराम’ कादंबरीत तुकोबांच्या तरुणपणाचं जे चित्र रंगवलं त्यावरून वारकरी मंडळी संतापली, यादवांनी देहूला जाऊन माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं, आणि २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचं निवडून आलेलं अध्यक्षपद सोडलं, संमेलन अध्यक्षाशिवाय झालं. वारकऱ्यांना वाईट वाटलं हे मी समजू शकते, माझं माहेर माळकऱ्यांचं आहे. पण पुस्तकच गेल्यावर आता कुणी येऊन विचारलं की त्यात नक्की काय होतं, तर मी काय दाखवू? लोक ऐकीव गोष्टीवर चर्चा करतात. तेव्हा माझ्या ओळखीतले एक होतकरू लेखक म्हणाले की ताई, मागे टिपण दिलं तर आम्हीच यादी करून दिल्यासारखं होईल, हे हे मी बदललं, या आणि मोर्चा काढा. बरोबर आहे, धोका आहे. तुकोबांच्या कादंबरीला टिपण असतं तर वाद टळला असता असंही मी म्हणत नाही, तिथे दुखणं वेगळं होतं. पण लपवून तरी कुठे वाचलं कोण, आणि मोर्चा काढणारे पुस्तक वाचून काढतात असा तुमचा अनुभव आहे का? टिपणाचा उपयोग वाचणाऱ्याला आहे, मी वाचणाऱ्यांचं बोलतेय.

आणि हो, ‘पटत नाही तर वाचू नका’ म्हणणाऱ्या दुसऱ्या पत्रलेखकांना पण एक सांगायचंय. लेखकाला मुभा हवी यात वाद नाही. पण तुम्ही मुभेचं बोलून थांबता, आणि मग त्याच कादंबरीचा आधार घेऊन भाषणात कर्णावर अन्याय, शूर्पणखेवर अन्याय, रावण किती विद्वान असे दाखले देता, म्हणजे मुभा पण हवी आणि पुरावा म्हणून पण वापरायचं. एक काहीतरी ठरवा. कादंबरी हा कर्णाच्या काळाचा पुरावा नाही, आपल्या काळाचा आहे, सूतपुत्र म्हणून डावललेल्या माणसाची गोष्ट १९६७ साली महाराष्ट्राला एवढी का भिडली याचा पुरावा म्हणून ती जबरदस्त आहे. त्या अंगाने कुणी बोलताना मी फारसं ऐकलं नाही.

आमच्याकडे काय केलं ते सांगते, फार काही मोठं नाही. मूळ महाभारताचं जुनं मराठी भाषांतर, चिपळूणकर मंडळींनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला काढलेलं, त्याचे खंड काचेच्या कपाटात कुलपात होते, ते बाहेर काढून कादंबऱ्यांच्या शेजारच्या फळीवर ठेवले. अध्यक्षांनी आधी कुरकुर केली, जुनी पुस्तकं आहेत, फाटतील. फाटू देत, निदान उघडून फाटतील. ते भाषांतर संशोधित प्रतीच्या आधीचं आहे, ते ज्या पाठावरून झालं तो नीलकंठ चतुर्धरांच्या टीकेसोबत चालत आलेला, सतराव्या शतकातला, आणि हे नीलकंठ मूळचे आपल्या कोपरगावचे, काशीत जाऊन बसलेले. त्यामुळे त्यात भर घातलेले श्लोकही आहेत, तेवढं आत पहिल्या पानावर चिठ्ठी चिकटवून लिहिलंय. सगळे वाचतात असं नाही. बहुतेक जण चाळतात, अक्षर बारीक आहे म्हणतात आणि कादंबरी घेऊन जातात. काही जण बसतात.

तुमच्याकडून एक हवंय. तुमच्या रविवारच्या पुरवणीत पौराणिक कादंबरीचं परीक्षण येतं तेव्हा त्यात ‘ओघवती भाषा’, ‘खिळवून ठेवणारी’, ‘संग्राह्य’ हे सगळं असतंच, ते राहू द्या, पण परीक्षण लिहिणाऱ्याला एवढं सांगा की लेखकाने मूळ कथेत काय बदललंय त्यावर निदान एक परिच्छेद लिही, आणि मागे टिपण आहे की नाही तेही लिही. लेखकांनी नाही दिलं तर निदान तिथून कळेल. ते कात्रण कापून पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवायचं काम माझं, डिंक आमच्याकडे आहे.

आपली,
एक ग्रंथपाल
(जि. सातारा)